दोन तास बारा मिनिटे : आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी विमानतळावर किती आधी पोहोचावे, याचे एक प्रकरण

हे प्रकरण चौघांच्या एका कुटुंबाचे आहे. त्यात मुलगा, सून, सहा वर्षांची नात आणि एकाहत्तर वर्षांच्या आजी आहेत. नावे, शहर, देश आणि विमान कंपनी गाळली आहे. वेळा मात्र सुनेच्या फोनमधील फोटो, संदेश आणि कॉल यांच्या नोंदींवरून जुळवल्या आहेत, त्यामुळे त्या जवळपास मिनिटापर्यंत अचूक आहेत. उड्डाण चुकले नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. उड्डाण चुकलेल्या प्रकरणांत दोष कुठे होता ते सगळ्यांना लगेच दिसते. जिथे विमान मिळाले तिथे तो झाकला जातो, आणि त्याच कुटुंबात पुढच्या प्रवासाला तोच वाद पुन्हा सुरू होतो. म्हणून हे प्रकरण निवडले.

पार्श्वभूमी

उड्डाण रात्री १०:४० चे होते. मध्ये एका ठिकाणी विमान बदलायचे होते, पण दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असल्यामुळे सामान थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जाणार होते. कंपनीच्या सूचनेत चार वेळा दिलेल्या होत्या. काउंटर उड्डाणाच्या तीन तास आधी, म्हणजे ७:४० ला उघडणार होते आणि एक तास आधी, ९:४० ला बंद होणार होते. विमानात बसण्यास ९:५० पासून सुरुवात होती आणि गेट १०:२० ला बंद होणार होते. या वेळा सगळीकडे सारख्या नसतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी काउंटर बंद होण्याची साठ मिनिटांची मर्यादा सर्वाधिक आढळते, पण काही कंपन्या पंचाहत्तर किंवा नव्वद मिनिटे आधीच काउंटर बंद करतात. आपल्या तिकिटावरची मर्यादा कोणती, हे प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते.

चार मोठ्या बॅगा होत्या, प्रत्येकी तेवीस किलोची परवानगी होती आणि हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा होती. मुलाने आदल्या दिवशी ऑनलाइन चेक-इन केले. तिघांचे बोर्डिंग पास फोनवर आले. आजींच्या नावापुढे मात्र पासऐवजी एक ओळ आली : कागदपत्रे पडताळण्यासाठी काउंटरवर यावे. आजींसाठी व्हीलचेअर मागितलेली असल्यामुळे तसे आले असावे, असे समजून मुलाने ती ओळ सोडून दिली.

खरे कारण वेगळे होते. आजींचा पासपोर्ट चार महिन्यांपूर्वी नवा झाला होता, आणि व्हिसा मात्र जुन्या, रद्द केलेल्या पासपोर्टात होता. त्या व्हिसाची मुदत अजून बरीच शिल्लक होती. काही देश, उदाहरणार्थ अमेरिका, असा व्हिसा मान्य करतात, पण त्यासाठी जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट प्रत्यक्ष जवळ असावे लागतात. इथेही नियम तोच होता आणि घरातल्या सर्वांना तो ठाऊक होता. जुना पासपोर्ट एका निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आजींच्या हातातल्या बॅगेत ठेवलेला होता.

वाद कशाचा होता

घरातून विमानतळापर्यंत एरवी सत्तर मिनिटे लागतात. सुनेचे म्हणणे होते की ६:१५ ला निघून ७:२५ ला पोहोचावे. मुलाचे म्हणणे होते की ७:२० ला निघून ८:३० ला पोहोचले तरी पुरे. त्याचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नव्हता. काउंटरच ७:४० ला उघडणार, त्याआधी कोणी सामान घेत नाही, बोर्डिंग पास तर हातात आहेत, मग म्हातारे माणूस आणि लहान मूल यांना बाकावर ताटकळत कशाला ठेवायचे? शिवाय कामानिमित्त तो वर्षातून चार-पाच वेळा परदेशी जातो, दर वेळी दोन तास आधी पोहोचतो आणि आजवर त्याचे एकही विमान चुकलेले नाही.

हा अनुभव खरा आहे, पण तो एकट्या माणसाचा आहे. हातात एक छोटी बॅग, फोनवर पास, चालण्याचा वेग चांगला आणि व्हिसाचा प्रश्न आधीच मिटलेला. अशा माणसासाठी काउंटर नावाची पायरीच नसते. तो थेट इमिग्रेशनकडे वळतो. चौघे, चार बॅगा, एक व्हीलचेअर आणि एक अपूर्ण चेक-इन एवढे सोबत असताना त्याच अनुभवाचा हवाला देणे ही या प्रकरणातली पहिली चूक आहे, असे मला वाटते. ऑनलाइन चेक-इनमुळे फक्त जागा पक्की होते. सामान द्यायचे असेल तर रांग आहेच, आणि कागदपत्रे तपासायची असतील तर तीही आहेच.

शेवटी दोघांत तडजोड झाली : ६:५० ला निघायचे आणि ८:०० ला पोहोचायचे. या ८:०० चा काउंटरच्या वेळेशी, रस्त्याशी किंवा आजींच्या गतीशी काहीही संबंध नव्हता. दोघांनी सांगितलेल्या वेळांच्या मधला तो एक आकडा होता, एवढेच. घरातले भांडण मिटवायला तो उपयोगी पडला.

निघण्यापूर्वीची पस्तीस मिनिटे

साडेसहाला सामान पुन्हा वजनकाट्यावर चढवले तेव्हा आजींची हातातली बॅग नऊ किलो भरली. दोन किलो कमी करायचे होते. मुलाने बॅग पलंगावर उपडी केली आणि जे प्रवासात लागणार नाही असे वाटले ते उचलून आजींच्या मोठ्या बॅगेत टाकले. त्यात एक शाल होती, दोन पुस्तके होती, औषधांचा मोठा बटवा होता आणि निळे फोल्डरही होते. औषधांबद्दल त्याने विचारले, आणि रात्रीची गोळी पर्समध्ये वेगळी काढली आहे असे आजींनी सांगितले. फोल्डरबद्दल त्याने विचारले नाही. त्यात विम्याचे आणि बुकिंगचे कागदही होते. हे सगळे फोनवर आहेच, असे तो नंतर म्हणाला.

घरातून निघायला ७:०५ झाले. रस्त्यात तेरा मिनिटे जास्त लागली. टर्मिनलसमोर गाडी थांबली तेव्हा ८:२८ झाले होते, म्हणजे उड्डाणाला दोन तास बारा मिनिटे उरली होती. तडजोड होऊनही प्रत्यक्षात मुलाने मुळात सांगितलेलीच वेळ गाठली गेली. निघण्याच्या वेळेत आणि रस्त्यात काहीच सूट धरलेली नसली की असेच होते. ठरवलेली वेळ ही सगळे सुरळीत झाले तरच गाठता येणारी वेळ असते.

काउंटरवर

८:३६ ला ते बॅग ड्रॉपच्या, म्हणजे पास आधीच निघालेल्यांनी फक्त सामान देण्याच्या, रांगेत उभे राहिले. रांग सरकत होती. ८:५० ला पुढे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने पास पाहिले आणि सांगितले की एकाचा पास निघालेला नाही, त्यामुळे तुम्हाला नेहमीच्या चेक-इनच्या रांगेत जावे लागेल. चौदा मिनिटे वाया गेली. दुसऱ्या रांगेतून काउंटरपर्यंत यायला ९:१३ झाले. कर्मचाऱ्याने व्हीलचेअरसाठी फोन केला, चार बॅगा एकामागून एक पट्ट्यावर गेल्या, टॅग लागले, पट्टा पुढे सरकला. मग पासपोर्ट पाहणे सुरू झाले. आजींचा पासपोर्ट शेवटी आला, ९:१९ ला.

“यात व्हिसा दिसत नाही.”

“जुन्या पासपोर्टात आहे,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी हातातली बॅग उघडली.

पुढची तीन मिनिटे बॅगेचे कप्पे चाचपण्यात गेली. ९:२२ ला मुलाला पलंगावर उपडी केलेली बॅग आठवली.

काउंटरवरचे लोक कागदांबाबत इतके कडक का असतात, हा प्रश्न प्रवासी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीबद्दलच्या १९४४ च्या शिकागो करारापाशी पोहोचते. या कराराच्या नवव्या परिशिष्टानुसार, प्रवाशाकडे पुढील देशात प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रे आहेत याची खबरदारी विमान कंपनीने घ्यायची असते. प्रवेश नाकारला गेला तर त्याला परत आणण्याची जबाबदारीही सामान्यतः कंपनीवरच येते, आणि अनेक देश वर दंड करतात. म्हणून काउंटरवरचा माणूस आपल्या मनाने निर्णय घेत नाही. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या टायमॅटिक या माहितीसाठ्यात त्या नागरिकत्वासाठी आणि त्या देशासाठी जे लिहिले असेल ते तो पाळतो. इथे तिथल्या नोंदीप्रमाणे मूळ पासपोर्ट लागत होता.

कोणते पर्याय होते

९:२४ ला सुपरवायझर आल्या. काउंटर बंद व्हायला सोळा मिनिटे उरली होती. त्यांनी परिस्थिती थोडक्यात सांगितली, आणि माझ्या मते इतकी स्पष्टता अशा वेळी क्वचित मिळते.

पहिला पर्याय बॅग परत मागवण्याचा होता. ती तपासणीच्या यंत्रातून पुढे गेली असेल तर वेळ लागेल आणि ती ९:४० च्या आत येईलच असे सांगता येणार नाही. दुसरा पर्याय असा की सून आणि नात यांनी जावे, आजी आणि मुलगा यांनी थांबावे. तसे झाले तर थांबणाऱ्यांच्या बॅगा उतरवाव्या लागतील. प्रवासी विमानात नसताना त्याचे सामान जाऊ द्यायचे नाही, हा नियम १९८५ नंतर जगभर कडक झाला. त्या वर्षी २३ जूनला एअर इंडियाच्या १८२ क्रमांकाच्या विमानात स्फोट होऊन ३२९ जण मृत्युमुखी पडले. बॉम्ब असलेली बॅग ज्याच्या नावावर चढवली होती तो प्रवासी विमानात चढलाच नव्हता. तिसरा पर्याय चौघांनी मिळून दुसऱ्या दिवशीचे उड्डाण घेण्याचा होता, तारीख बदलण्याचे शुल्क आणि भाड्यातला फरक भरून. यात एक अट महत्त्वाची होती : बदल गेट बंद होण्याआधी नोंदवायला हवा. न सांगता गैरहजर राहिले तर बहुतेक तिकिटांवर पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, आपोआप रद्द होतात.

सुनेने चौथी गोष्ट सुचवली. आजींच्या व्हिसाच्या पानाचा फोटो तिच्या फोनमध्ये होता. सुपरवायझरनी तो कंपनीच्या कागदपत्र कक्षाकडे पाठवला. फोटोवर प्रवास करता येणार नाही, हे उत्तर अपेक्षितच होते. पण व्हिसा खरोखर आहे आणि मुदतीत आहे हे त्यावरून नक्की झाले. त्यामुळे आजींचे चेक-इन बाकी सर्व बाबतींत पूर्ण करून फक्त पास छापणे थांबवून ठेवता आले. मूळ पासपोर्ट हाती येताच एक कळ दाबायची बाकी राहिली. त्या फोटोने पाच-सहा मिनिटे तरी वाचवली, आणि पुढचा हिशेब पाहता तेवढी मिनिटे गेली असती तर विमान गेलेच होते.

काय केले

बॅग परत मागवायचे ठरले. पण कोणती? चारही टॅग मुलाच्या नावावर एकत्र निघाले होते, आणि टॅगवरच्या दहा आकड्यांवरून बॅग कोणाची ते कळत नाही. इथेही सुनेचा फोन कामी आला. घरातून निघताना तिने चारही बॅगा एका रांगेत ठेवून फोटो काढला होता. आजींची बॅग तपकिरी होती, मुठीला पिवळी चिंधी बांधलेली होती, आणि ती तिसरी चढवली होती एवढे तिला आठवत होते. तिसऱ्या पावतीचा क्रमांक आणि तो फोटो, दोन्ही खाली सामानाच्या विभागात गेले.

त्याच वेळी दुसरा निर्णय घ्यायचा होता : सून आणि नात यांनी पुढे जावे का? मुलाला सगळ्यांनी एकत्र राहावे असे वाटत होते. सुपरवायझरनी सांगितले की दोघी गेटवर पोहोचल्या तर मागच्या दोघांची खबर तिथे देता येईल, आणि बॅग आलीच नाही तर न चढण्याचा निर्णय गेटवरही घेता येईल. तो मार्ग शेवटच्या क्षणापर्यंत उघडा असतो. सून निघाली, आणि तिथेच अडली, कारण तिघांचेही पास मुलाच्या फोनमध्ये होते. कागदी पास छापून घेण्यात दोन मिनिटे गेली. ९:२८ ला दोघी इमिग्रेशनकडे वळल्या.

९:३५ ला एक माणूस ट्रॉलीवर तपकिरी बॅग घेऊन आला. मुलाने ती काउंटरशेजारी जमिनीवर आडवी करून उघडली. शाल वरच होती, तिच्याखाली औषधांचा बटवा, आणि बटव्याला टेकून निळे फोल्डर. त्याने फोल्डर ओढले, चेन लावली आणि बॅग परत दिली. बटवा तसाच आत राहिला. आजी खुर्चीत बसून हे पाहत होत्या. बटव्याबद्दल बोलावे असे त्यांच्या ओठांवर आले होते, पण त्या वेळी मध्ये बोलायची हिंमत झाली नाही, असे त्यांनी नंतर सांगितले.

९:३८ ला पास छापला गेला. बॅगेवर उशिराच्या सामानाचा टॅग लागला आणि ती याच विमानाने येईल याची खात्री नाही, असे सुपरवायझरनी स्पष्ट सांगितले. ९:४० ला काउंटर बंद झाले.

काउंटर एक तास आधी बंद करण्यामागे हट्ट नसतो. शेवटची बॅग तपासणीतून जाऊन विमानापर्यंत पोहोचायची असते, प्रवाशांची यादी पुढच्या देशाला पाठवायची असते, आणि किती माणसे, किती सामान, ते कुठे ठेवले यावरून विमानाच्या वजनाचा व तोलाचा हिशेब, म्हणजे लोडशीट, तयार व्हायचे असते. ९:३८ ला परत दिलेली बॅग या साखळीत सगळ्यात शेवटी उभी होती.

९:४५ ला व्हीलचेअरचा मदतनीस आला. व्हीलचेअर हा घरात आधीच वादाचा विषय झाला होता. आजींना ती नको होती. मी चालते की, असे त्या म्हणत होत्या. मुलाला वाटत होते की मदतनिसाची वाट पाहण्यातच वेळ जातो. सुनेने तरीही तीन दिवस आधी कंपनीकडे ती नोंदवून ठेवली होती. मदतनिसाने आजींना आणि सोबतच्या मुलाला वेगळ्या मार्गिकेतून नेले. इमिग्रेशन ९:५३ ला आटोपले, सिक्युरिटी १०:०२ ला, आणि लिफ्ट व बॅटरीवरच्या गाडीने ते १०:१३ ला गेटवर पोहोचले. गेट बंद व्हायला सात मिनिटे होती.

सून आणि नात सर्वसाधारण रांगांतून १०:०७ ला पोहोचल्या होत्या. काउंटर ते गेट या अंतराला त्यांना एकोणचाळीस मिनिटे लागली. त्याच गतीने आजी आणि मुलगा ९:४५ ला निघाले असते तर १०:२४ ला पोहोचले असते, आणि गेट १०:२० ला बंद झाले होते. ज्या व्हीलचेअरने उशीर होईल अशी भीती होती, तिनेच त्यांना विमानात बसवले. मला या संपूर्ण प्रकरणात ही आकडेमोड सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण काउंटर वेळेत गाठले म्हणजे विमान मिळाले अशी समजूत बहुतेकांच्या मनात असते. काउंटर बंद होणे आणि गेट बंद होणे यांत इथे चाळीस मिनिटे होती, आणि गर्दीच्या रात्री चाळीस मिनिटांत गेट गाठता येईल असे कोणीही लिहून दिलेले नसते.

परिणाम

चौघेही ठरल्या वेळी पोहोचले. तीन बॅगा आल्या. तपकिरी बॅग आली नाही. विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच त्यांनी सामान न मिळाल्याचा अहवाल नोंदवला, ज्याला तिथे पीआयआर म्हणतात, आणि दहा अक्षर-अंकांचा संदर्भ क्रमांक घेतला. बॅगांचा फोटो पुन्हा उपयोगी पडला. बॅग तिसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचली.

मधल्या काळात आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा प्रश्न उभा राहिला. पर्समध्ये एकाच रात्रीची गोळी होती. दीड दिवस गोळ्या चुकल्या, मग तिथल्या डॉक्टरांनी तपासून नवी चिठ्ठी दिली. सुदैवाने प्रकृतीला काही झाले नाही, पण उतरल्यानंतरचे दोन दिवस संपूर्ण घराने काळजीत काढले. डॉक्टरांच्या आणि औषधांच्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार, उशिरा आलेल्या सामानाबद्दलची लेखी तक्रार सामान ताब्यात मिळाल्यापासून एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. यांनी ती आठव्या दिवशी केली आणि खर्चाचा काही भाग परत मिळाला.

आता मागे वळून पाहताना

सून म्हणते, ६:१५ ला निघालो असतो तर हे काहीच झाले नसते. हे पूर्णपणे बरोबर नाही. फोल्डर बहुधा तेव्हाही मोठ्या बॅगेतच गेले असते, चुकीची रांगही तीच मिळाली असती. ७:२५ ला पोहोचून ते सुमारे ८:०५ ला काउंटरवर आले असते, फोल्डर नाही हे ८:१५ च्या आसपास कळले असते, आणि बॅग साडेआठपर्यंत परत आली असती. तेव्हा काउंटर बंद व्हायला सत्तर मिनिटे शिल्लक असती. चूक तीच झाली असती, पण बॅग त्याच विमानाने गेली असती. शिवाय जमिनीवर उघडलेल्या बॅगेतून बटवाही काढून घ्यायला आजींना कोणाची परवानगी मागावी लागली नसती. त्या अधिकच्या तासाने चूक टळली नसती, फक्त स्वस्तात पडली असती.

मुलगा म्हणतो, फोल्डर हातात असते तर दोन तास बारा मिनिटे पुरली असती. हेही खरे आहे, पण थोडेच. आजींचा पास ९:२१ पर्यंत निघाला असता, आणि व्हीलचेअर नसती तरी एकोणचाळीस मिनिटांच्या हिशेबाने ते १०:०० ला गेटवर असते. मात्र त्याने ही बेरीज प्रवास झाल्यावर मांडली आहे. निघण्यापूर्वी त्याच्याकडे रांग किती असेल, रस्ता किती अडेल आणि कोणता कागद कुठे असेल, यांपैकी एकही आकडा नव्हता.

वेळ कशी ठरवायला हवी होती, याबद्दल माझे मत असे आहे. उड्डाणाच्या वेळेपासून मागे मोजण्याऐवजी काउंटर बंद होण्याच्या वेळेपासून मागे मोजायला हवे, आणि तेही गटातल्या सर्वांत संथ माणसाच्या आणि सर्वांत कच्च्या कागदाच्या हिशेबाने. या रात्रीचेच आकडे घ्या. काउंटर ९:४० ला बंद. चौघांचे काउंटरवरचे काम पंधरा मिनिटे, रांग चाळीस, काहीतरी बिघडेल त्याची सूट पंचेचाळीस. म्हणजे रांगेत उभे राहण्याची वेळ ८:०० येते. गाडीतून सामान उतरवून आत जायला दहा मिनिटे धरली तर गाडी ७:५० ला दारात हवी. रस्त्याची सत्तर मिनिटे आणि त्यावर पंचवीस मिनिटांची सूट वजा केली की घरातून निघण्याची वेळ ६:१५ येते. ही नेमकी सुनेने सांगितलेली वेळ आहे, जरी तिने ती अशी मोजून काढली नव्हती. घरात मात्र वाद पोहोचण्याच्या वेळेवर झाला, आणि पोहोचण्याची वेळ कोणाच्याच हातात नसते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. फार लवकर जाण्याची किंमत असते. तीन तासांच्या आधी अनेक ठिकाणी काउंटरच उघडत नाही, त्यामुळे पाच तास आधी पोहोचलेल्या कुटुंबाला सामानासह बाहेरच्या बाजूला बसून राहावे लागते, आणि आजींसारख्या माणसाला ते कष्टाचे असते. फक्त हातातले सामान, फोनवरचा पास आणि व्हिसाची अडचण नसलेला एकटा प्रवासी दोन तासांत निवांत जाऊ शकतो. या मुलाने तसे अनेकदा केले आहे आणि पुढेही करावे. उलट काही विमानतळांवर, उदाहरणार्थ डब्लिन किंवा अबू धाबी इथे, अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांची अमेरिकी इमिग्रेशन तपासणी निघतानाच होते, आणि तिथे तीन तासही कमी पडू शकतात. तीन तासांचा प्रचलित सल्ला सरासरी प्रवाशासाठी आहे.

वेळेखेरीज तीन ठिकाणी वेगळे वागता आले असते. पहिले, आजींच्या पासऐवजी आलेली ती एक ओळ. ती वाचून आदल्या दिवशी कंपनीला फोन केला असता तर बॅग ड्रॉपच्या रांगेतली चौदा मिनिटे वाचली असती, आणि जुन्या पासपोर्टाची आठवण निघण्यापूर्वीच निघाली असती. दुसरे, बॅग हलकी करण्याचे काम. ते निघण्याच्या ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी, बॅग ज्यांची त्यांना न विचारता झाले. आजींनी स्वतः बॅग हलकी केली असती तर त्यांनी पुस्तके काढली असती, फोल्डर नाही. तिसरे, पास. सगळ्यांचे पास एकाच फोनमध्ये ठेवणे एकत्र चालताना सोयीचे असते. गट फुटण्याची वेळ आली की ते अडचणीचे ठरते, आणि गट फुटण्याची वेळ नेहमी घाईतच येते.

औषधांचा बटवा मात्र मी वेगळा धरतो. तो सामानात जाणे ही वेळेची चूक नव्हती. रोजची औषधे किमान तीन-चार दिवसांची तरी हातातल्या बॅगेत असावीत, विमानतळावर कितीही आधी पोहोचलो तरी.

परतीचा प्रवास

सात आठवड्यांनी ते परतले. या वेळी आजींनी निळे फोल्डर आणि गोळ्यांची डबी एका कापडी पिशवीत घालून पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला होता, आणि तपासणीच्या पट्ट्यावर ठेवण्यापुरतीच ती हातातून सोडली. ते उड्डाणाच्या सव्वातीन तास आधी पोहोचले. काउंटर उघडायला पंधरा मिनिटे होती. पुढे पन्नास मिनिटांत सगळे आटोपून चौघे गेटसमोर जाऊन बसले. नात दोन बाकांवर आडवी होऊन झोपली. मुलाने घड्याळ पाहिले आणि दोन तास फुकट गेले, असे म्हटले. सुनेने उत्तर दिले नाही. पुढच्या प्रवासाची वेळ कोण ठरवणार, हे त्या घरात अजून ठरलेले नाही.